शेवटच्या नळावरचे नाना

हिराजी तरे ऑफिसात येण्याआधी त्यांची चावी यायची. चावी म्हणजे खिशातली नव्हे. रस्त्याखालचा पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी. ती दाराबाहेर भिंतीला टेकवल्याचा ठण्ण आवाज आला, की आम्ही समजायचो, नाना आले. मग ते चपला काढायचे आणि अनवाणी आत यायचे. सरकारी कचेरीत चपला काढून येणारा दुसरा कर्मचारी मी अजून पाहिलेला नाही. एकदा बिलाच्या खिडकीवरचा कुणी तरी म्हणाला, "नाना, हे काय देऊळ आहे का?" नाना म्हणाले, "चपला चिकलाच्या हायत. लादी पुसनारी काय तुजी नोकर हाय?" तेव्हापासून तो विषय बंद झाला.

पालिकेचं नाव मी सांगणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक आधी भांडायला येतात आणि मग वाचतात. मी तिथे आस्थापना विभागात क्लार्क. नाना पाणी सोडणारे, म्हणजे कागदावर व्हॉल्व्हमन. हुद्दा तळाचा, पण पाणीपुरवठ्याला नवे साहेब बदलून आले की पहिला आठवडा ते नानांना शोधण्यात घालवायचे. कुठली लाइन कुठल्या गटाराखालून वळली आहे हे नकाशाला माहीत नव्हतं, नानांना होतं.

अंगानं काटक, रंगानं काळेभोर, पँट कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. पेन ते वापरत नसत, कारण पाण्याच्या माणसानं शाईवर भरवसा ठेवू नये असं त्यांचं मत होतं. मनगटावर रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ. आणि एक खोड अशी, की व्हॉल्व्ह उघडला की तीच लोखंडी चावी तशीच धरून तिच्या मुठीला कान लावायचे. डोळे मिटून अर्धा मिनिट उभे. येणारे-जाणारे हसायचे. नाना ऐकून सांगायचे, "हवा भरलीय," नाहीतर, "खाली कुटंतरी फुटलाय." साहेबांचं गळती शोधायचं यंत्र यायच्या आधी नानांचं निदान तयार असायचं, आणि खोदल्यावर बहुतेक वेळा नानांचंच खरं निघायचं. जेव्हा चुकायचं तेव्हा ते स्वतःच फावडं घेऊन खड्डा बुजवायला लागायचे.

त्यांचं एक वाक्य सगळ्या ऑफिसला पाठ होतं. तक्रार कसलीही असो, पाण्याची, दिव्याची, कँटीनमधल्या पातळ चहाची, नाना म्हणायचे, "शेवटच्या नलावर जाऊन उबा ऱ्हा. पयला नल कुनाचापन भरतो."

हे वाक्य त्यांच्या वडलांचं. घर सोनिवलीचं, जातीनं आगरी, आणि आज जिथे सात-सात मजली इमारती उभ्या आहेत तिथे त्यांची भाताची खाचरं होती. वडील ओहोळाचं पाणी बांध फोडून वरच्या खाचरात घ्यायचे आणि लगेच चालत सगळ्यात खालच्या खाचरात जाऊन उभे राहायचे. पाणी तिथे पोचून पायाला लागेपर्यंत हलायचे नाहीत. शेजारचे लोक वरच्या बांधावरच विडी ओढत बसायचे आणि पाणी सोडलं म्हणून सांगायचे. "बाबा बोलाचा, सोडला म्हंजे पोचला नाय," नाना सांगायचे. जमीन गेली, खाचरं गेली. नाना मात्र आयुष्यभर खालच्या खाचरात उभे राहिले. फक्त आमच्या गावात ते खाचर टेकडीवर होतं.

टेकडीवर शे-दोनशे घरांची वस्ती. कुणी देशावरून आलेलं, कुणी कोकणातून, बहुतेक बायका खालच्या बिल्डिंगांमध्ये कामाला. लाइन खालून चढत जायची, वाटेत प्रत्येक जण आपापला घोट घ्यायचा, आणि वर शेवटच्या नळाला उरलंसुरलं यायचं. त्या शेवटच्या नळासमोर शालन गायकवाड राहायची. नाना रोज सकाळी खाली व्हॉल्व्ह उघडून टेकडी चढायचे, शालनच्या दारातल्या दगडावर बसायचे, घड्याळ बघून वहीत टिपायचे आणि उतरायचे. इतक्या वर्षांत त्यांनी वर चहा तर सोडाच, पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

शालनला हे लागलं होतं. एक दिवस तिनं तोंडावर विचारलं, "नाना, आमच्या हातचं चालत नाय का तुमाला? तसं असंल तर सांगा, मी परत इचारणार नाय."

नाना इतके दचकले की वही हातातून पडली. म्हणाले, "अगो बाय, अर्दा हंडा पानी मिलतंय तुना. त्यातला तांब्या मी पिऊ? जवा नल धो-धो येल, तवा मी मागून पिईन." हे शालननंच मला पुढे सांगितलं.

खाली व्हॉल्व्हजवळ एका सिंधी शेटजींचं कपड्याचं दुकान आणि वर घर. त्यांनी नळाला थेट मोटर लावली होती, त्यामुळे टेकडीचं पाणी त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत जायचं. साहेब म्हणाले, नोटीस काढू. नाना म्हणाले, चार दिवस थांबा. पाचव्या सकाळी त्यांनी शेटजींना गाठलं. "साईं, एक दिन मेरे साथ ऊपर चलो. घूमने."

शेटजी पांढरा शर्ट घालून धापा टाकत वर आले. वर पोचेपर्यंत पाणी गेलं होतं. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यातली एक त्यांच्याच घरी भांडी घासायला येणारी. उतरताना शेटजी म्हणाले, "नाना, तुम तो इज्जत निकालते हो." पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा वाजता नानांचा फोन वाजायला लागला. "नाना, मेरी मोटर बंद है, ऊपर देखो." तो फोन पुढे रोज यायचा. एवढं करूनही वर फारसा फरक पडत नव्हता, कारण चढ तो चढच. पालिकेच्या टाकीपासून टेकडीला वेगळी लाइन टाकल्याशिवाय उपाय नव्हता. नानांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि त्यांना आयुष्यात आता एवढीच एक गोष्ट हवी होती, की ती लाइन आपण नोकरीत असताना पडावी. मुलगा वांगणीला घर घेत होता, नात दहावीला होती. त्यातलं काही विचारलं तर दोन शब्दांत उत्तर, आणि लाइनीचं विचारलं की अर्धा तास.

त्याच सुमारास आमच्याकडे कामगिरी व्यवस्थापन आलं.

नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर हे प्रकरण आलं. प्रत्येक विभागानं आपलं काम कशावरून मोजायचं ते ठरवायचं, दर महिन्याला आकडे द्यायचे, आणि सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर ते रंगात दिसणार. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. वर्षाच्या कामांची यादीही त्यावरूनच ठरणार, लाल जिथे तिथे आधी. ऑफिसात त्याला लगेच प्रगतिपुस्तक असं नाव पडलं. नाना म्हणाले, "या वयात शालेत घातला."

मॅडमचा हेतू चांगला होता, हे मी आज म्हणते. तेव्हा आम्हा सगळ्यांना ती नवी पीडा वाटली, आणि पीडेतून सुटका कशी करून घ्यायची हे सरकारी माणसाला शिकवावं लागत नाही. प्रत्येक विभागानं अशी मापं शोधून काढली, की नापास होणं अशक्य. स्वच्छतावाल्यांनी घंटागाडी वेळेवर निघाली का, हे मोजायचं ठरवलं. ती कुठे पोचली हे विचारणारा रकानाच नव्हता. उद्यान विभागानं झाडांना पाणी घातल्याचे दिवस मोजले, आणि भर जुलैतही त्यांचे दिवस पूर्ण भरले. पाणीपुरवठ्याचं माप होतं, व्हॉल्व्ह वेळेवर उघडला का.

आकडे गोळा करून संगणकात भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या महिन्यात पडदा असा हिरवागार झाला की बघणाऱ्याला वाटावं, शेतकी खात्यात आलो. फक्त एक कागद आडवा आला. वहीतून फाडलेला, पेन्सिलीनं लिहिलेला. "व्हॉल्व्ह सहाला उघडला. टेकडी, शेवटचा नल, पानी सहा चालीसला. हंडा अकरा मिनिटं. सातला बंद. लाल."

मी तो कागद रकान्याशेजारी ठेवून बघितला. रकान्यात फक्त व्हॉल्व्हचं विचारलं होतं, आणि व्हॉल्व्ह तर सहाच्या ठोक्याला उघडला होता. लाल भरलं तर साहेब चिडणार, नानांना मेमो जाणार, शेवटच्या वर्षात सेवापुस्तकाला डाग लागणार. मी हिरवं भरलं. खरं सांगायचं तर आपण एका भल्या माणसावर उपकार करतोय असंच मला वाटत होतं, आणि घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. पुढचे तीन महिनेही मी तेच केलं. नाना दर महिन्याला लाल लिहीत होते आणि मी दर महिन्याला ते हिरवं करत होते.

मग कामांची यादी फलकावर लागली. नाना चष्मा नाकावर ओढून ती दोनदा वाचत उभे राहिले आणि मग माझ्या टेबलाशी आले.

"सुजाता, टेकडीची लाइन नाय यादीत."

"नाना, यादी पडद्यावरून झाली. टेकडी तिथे हिरवी दिसली."

"मी लाल लिवला व्हता ना?"

"हो."

"मंग?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "मी हिरवं केलं, नाना. तुम्हाला त्रास नको म्हणून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते वळले, चपला घातल्या आणि गेले. थोड्या वेळानं माझं लक्ष दाराबाहेर गेलं. चावी तशीच भिंतीला टेकलेली होती. इतक्या वर्षांत नाना चावी पहिल्यांदा विसरले होते. ती बघून मला रडू आलं, आणि शेजारची विचारू लागली की घरी सगळं ठीक आहे ना.

अर्ध्या तासानं ते चावी न्यायला परत आले. आत न येता दारातूनच म्हणाले, "उद्या सकाली टेकडीवर ये. हंडा घेऊन ये."

मी शिरगावात राहते, आमच्या सोसायटीला पाण्याची टाकी आहे, हंडा घरात शोभेला ठेवलेला. तो पितळेचा हंडा रिक्षात मांडीवर घेऊन मी गेले. टेकडी चढेपर्यंत सहा वाजून गेले होते. शालननं मला रांगेत उभं केलं, सगळ्यात शेवटी. नाना दगडावर बसले होते. सहा चाळीसला नळानं आधी फुस्स केलं, मग सुतळीएवढी धार आली. बायका भांडत नव्हत्या, हे मला जास्त लागलं. त्यांना हे इतकं सवयीचं झालं होतं, की कुणी किती घ्यायचं ते ठरलेलं होतं. माझा नंबर येण्याआधी पाणी गेलं.

शालन माझ्या रिकाम्या हंड्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, नाना बोलले तुमी हापिसात लिहिता. तुमच्या कागदावर आमच्याकडं पाणी येतंय का?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "येतंय. चार महिने झाले, रोज येतंय."

"मग आमीच कुटं ऱ्हातो काय म्हाईत," ती म्हणाली आणि कामाला निघाली. बिल्डिंगमधल्या पहिल्या घरी तिला साडेसातला पोचायचं होतं.

त्याच आठवड्यात आढावा बैठक होती. नानांनी यादीबद्दल अर्ज दिला होता, म्हणून त्यांनाही बोलावलं. ते अनवाणी, मागच्या भिंतीशी उभे. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, तरे अर्जात लिहितात टेकडी लाल आहे, आणि सिस्टिमला हिरवी दिसते. वय झालंय त्यांचं. राहिलेलं वर्ष जन्म-मृत्यू नोंदणीला बसवू, सावलीत." नानांचा हात उगाच बाजूला चाचपत होता. चावी बाहेर होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, तरेनानांनी दर महिन्याला लालच लिहिलं होतं. हिरवं मी केलं."

"का?"

"लाल दिसलं की मेमो जाईल असं वाटलं."

"असं कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, मॅडम. पण आपल्याकडे तसंच असतं."

सभागृहात कुणीतरी हसू दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. पडद्याकडे बघत राहिल्या, त्या सगळ्या हिरवळीकडे, आणि मला वाटतं त्यांना त्याच क्षणी कळलं की चार महिने आपल्याला काय दाखवलं जातंय. मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बघून विचारलं, "तरे, मग काय मोजायला पाहिजे?"

नाना म्हणाले, "शेवटच्या नलावरचा हंडा मोजा, मॅडम. किती वाजता लागला, कवा भरला. येवडाच."

दुसऱ्या दिवशी मॅडम टेकडीवर होत्या. गाडी खाली ठेवून चढल्या, दगडावर नानांच्या शेजारी बसल्या आणि सुतळीची धार बघून आल्या. त्या महिन्यात सगळ्या विभागांची मापं बदलली. घंटागाडी कधी निघाली हे नको, शेवटच्या गल्लीत कधी पोचली ते लिहा. लाल लिहिणाऱ्याला मेमो नाही. खोटं हिरवं लिहिणाऱ्याला मात्र आहे, आणि त्यातला पहिला मेमो मला. तो मिळाला त्या दुपारी नाना डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांनी तांदळाची भाकरी मधोमध मोडली, अर्धीवर सुकट ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवली. "मेमो जपून ठेव," म्हणाले. "आमच्याकडं खरा बोलल्याचा पयलाच कागद हाय." मी शाकाहारी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी सुकट बाजूला करून भाकरी खाल्ली.

पुढच्या महिन्यात पडदा लालभडक झाला. काही जण मॅडमची बदली होणार म्हणून पैजा लावू लागले. झाली नाही. हळूहळू लालात पिवळं दिसू लागलं. घंटागाडीचा मुकादम मागच्या गल्लीत स्वतः चालत जाऊ लागला आणि परत आल्यावर नानांना सांगू लागला, जसा शाळेतला पोर गृहपाठ दाखवतो. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. उद्यान विभाग अजून उद्यान विभागच आहे. पण टेकडीची लाइन पुरवणी यादीत आली, आणि पावसाळा संपताच खोदाई सुरू झाली.

वर कातळ लागला. काम रेंगाळलं. नाना रोज खड्ड्याच्या कडेला उभे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांच्या निवृत्तीचा दिवस जवळ येत चाललेला. शेवटच्या महिन्यात तर मीच त्यांना लाइनीचं विचारायचं बंद केलं.

निवृत्तीच्या दिवशी चार वाजता सभागृहात निरोप समारंभ ठेवला होता. शाल, श्रीफळ, मॅडम, पेढे, सगळं जागेवर. नाना नाहीत. दाराबाहेर चावीही नाही. साडेचार झाले तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "सुजाता, तुम्हाला माहीत असेल ते कुठे आहेत." मी शाल आणि नारळ पिशवीत टाकला आणि रिक्षा पकडली.

टेकडीवर सगळी वस्ती जमली होती. दुपारीच शेवटचा सांधा जोडला होता आणि नवी लाइन पहिल्यांदा सोडणार होते. नाना नेहमीच्या दगडावर, हातात वही, घड्याळ डोळ्यांजवळ. शालननं नळाखाली हंडा लावला होता. नानांचा फोन वाजला. पलीकडून शेटजी, "नाना, मेरी मोटर बंद है, ऊपर देखो." नाना म्हणाले, "साईं, अब लाइन अलग है. फिर भी बंद रखो."

नळानं नेहमीसारखं फुस्स केलं. मग पाणी असं आलं की हंडा कलंडला. शालननं तो धरून सरळ केला, आणि नाना घड्याळात काटा शोधेपर्यंत तो भरून वाहू लागला. पाणी दगडावरून नानांच्या पायांवर आलं. त्यांनी पाय काढून घेतले नाहीत. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नानांनी वहीत काही लिहिलं, पण पान ओलं झालं होतं, पेन्सिलही उमटेना.

मी जवळ जाऊन विचारलं, "नाना, आता हिरवं करू?"

"थांब," ते म्हणाले. मग शालनकडे बघून म्हणाले, "बाय, तांब्या दे."

शालननं पदरानं तांब्या पुसला, नळाखाली धरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केला. नानांनी तो वर धरून सगळा संपवला, निम्मं पाणी शर्टावर सांडत. तिच्याकडे रिकामा तांब्या परत दिला आणि तोंड पुसत माझ्याकडे वळले.

"आता कर," म्हणाले.